पुण्यात एकट्यानं भटकताना इमारती आणि पुतळे टिपायचे असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीमुळे पुण्यात नव्यानं आलात, रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन एकटेच बाहेर पडता, वाडे, जुन्या इमारती आणि चौकातले पुतळे टिपता. पण इमारती मागे कलंडल्यासारख्या दिसतात, पुतळे काळेठिक्कर पडतात आणि घरी येऊन पाहावं तर सगळे फोटो एकाच साच्यातले. सामान म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळालेली १६–५० मिमीची लेन्स, एक ५० मिमीची आणि फोन. नवी वाइड लेन्स घ्यावी का, कुठे कधी जावं, लोक हटकतात तेव्हा काय करावं, आणि हे फोटो छापले किंवा विकले तर चालतं का, हे तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं पेठांमधून आणि कॅम्पातून हेच काम करत फिरतोय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

लेन्स घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. तुमच्या फोटोंचा खरा प्रश्न उजेडाचा आहे, आणि तो लेन्सनं सुटत नाही. लग्नात किंवा खेळाच्या मैदानावर माणसं हलतात, तिथे क्षण पकडावा लागतो. इमारत आणि पुतळा जागचे हलत नाहीत. बदलतं ते फक्त ऊन आणि तुमची उभं राहायची जागा. म्हणून प्रत्येक वास्तूचं तोंड कोणत्या दिशेला आहे आणि तिच्यावर ऊन कधी, कुठून येतं, हे माहीत करून घेणं हाच या कामाचा पाया आहे. एकटं फिरण्याचा मोठा फायदा इथेच आहे. पाचसात जणांच्या टोळक्याबरोबर गेलात की कुणाला चहा हवा असतो, कुणाला पुढच्या ठिकाणाची घाई असते. एकटे असाल तर ढग सरकेपर्यंत पाऊण तास एका पायरीवर बसून राहता येतं. फोटो सुधारतात ते या बसून राहण्यामुळे.

आता पुण्यातल्या उन्हाबद्दल. पुणं साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात सूर्य ठीक पूर्वेला उगवत नाही, सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, आणि भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे थंडीत दिवसभर तिरकं, सावल्या लांब करणारं ऊन मिळतं, पण ते सगळं दक्षिणेकडून. मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तोच आपला शून्य सावलीचा दिवस. तिथून जुलै संपेपर्यंत तो दुपारीसुद्धा किंचित उत्तरेकडे असतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या वास्तूंच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि त्यातली सगळ्यांत मोठी वास्तू म्हणजे शनिवारवाडा.

वाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे. १७३० च्या जानेवारीत पायाभरणी झाली, १७३२ मध्ये वास्तू उभी राहिली, आणि १८२८ च्या आगीत आतले मजले गेले. आज आपण टिपतो ते मुख्यतः हे दर्शनी तोंड, बुरुज आणि तटबंदी. नोव्हेंबर ते जानेवारी लोक हवा छान म्हणून तिथे जातात, आणि नेमकं तेव्हाच या दर्शनी भागावर सूर्य येत नाही. ऊन वाड्याच्या मागून असतं, भिंत सावलीत, आकाश पांढरंफटक. तुमचा शनिवारवाडा काळपट आला असेल तर त्याचं कारण हे आहे, कॅमेऱ्यात दोष नाही. एप्रिलच्या मध्यापासून जूनचे ढग येईपर्यंत सकाळी लवकर जा. सूर्य ईशान्येकडून भिंतीला घासून जातो. बुरुजांच्या खालच्या दगडी बांधकामातला एकेक सांधा आणि वरच्या विटकामाचा खरबरीतपणा तेव्हा उठून दिसतो. थंडीतच जायचं असेल तर सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी काढा. आकाशाचा आणि भिंतीचा उजेड तेव्हा जवळपास सारखा होतो आणि नगारखान्याची रेघ निळ्यावर स्वच्छ उमटते. दरवाजाच्या फळ्यांवरचे लोखंडी सुळे मात्र वेगळे टिपा. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ते त्याच्या कपाळाच्या उंचीवर बसवलेत. समोरून काढले तर नुसते ठिपके दिसतात. फळीला जवळजवळ गाल लावून, ५० च्या लेन्सनं बाजूनं पाहा, मग त्यांची लांबी आणि धाक कळतो.

सकाळ-संध्याकाळच्या सोनेरी उन्हाचा सल्ला सगळेच देतात. तो निम्माच खरा आहे. उभ्या भिंतीवरचं कोरीवकाम टिपायचं असेल तर बऱ्याचदा दुपारच्या आसपासचं ऊन जास्त उपयोगी पडतं, कारण ते वरून खाली भिंतीला घासत उतरतं आणि प्रत्येक उठावाखाली एक धारदार सावली टाकतं. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीला हे ऊन साडेअकराच्या सुमारास मिळतं, पश्चिमेकडच्या भिंतीला एकच्या आसपास, आणि मिळतं ते थोडाच वेळ. अरुंद गल्लीत तर तेवढाच वेळ ऊन जमिनीपर्यंत पोचतं.

याचं उत्तम ठिकाण सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ. १७५४ ला काम सुरू झालं, १७७० ला मूर्तीची स्थापना. शिखराचा पत्ता नाही, ठेंगणी काळ्या दगडाची वास्तू, पण दर्शनी भिंत पाहत राहावी अशी. द्वारपाल, हत्ती, वेलबुट्टी, आणि त्यात एक गोष्ट जी पुण्यात दुसऱ्या कुठल्या देवळावर मला दिसलेली नाही: साखळदंडानं जखडलेला गेंडा आणि त्याच्याजवळ बंदूकधारी गोरे शिपाई. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी बंगाल ताब्यात घेतला, त्याचंच हे चित्र असावं असा अर्थ लावला जातो. दगड काळा, उठाव उथळ. ढगाळ सकाळी या पट्टीचा फोटो काढलात तर राखाडी पाटी हाती येते. ऊन वरून घासून जात असताना मात्र साखळीची कडी वेगळी दिसते, गेंड्याच्या कातडीच्या वळ्या दिसतात, शिपायाच्या हातातली बंदूक नीट कळते. कॅमेरा भिंतीला समांतर ठेवा, ऊन ज्या भागावर आहे त्यावर एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते, ठरवा आणि सावल्या काळ्या होऊ द्या. त्या उजळवायच्या भानगडीत पडलात की उठाव पुन्हा मरतो. देऊळ चालतं आहे, लोक दर्शनाला येतात. चपला काढा, आधी नमस्कार करा, पुजाऱ्यांना विचारा, आणि गाभाऱ्यात फ्लॅश अजिबात नको.

लाकडाचा हिशोब उलटा. बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा, १८०७ च्या सुमाराचा, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला. त्याची पुढे आलेली कोरीव गॅलरी आणि सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब कडक उन्हात तुटक-तुटक दिसतात, कारण छज्जाची सावली अर्ध्या कामावर पडते. तिथे ढगाळ हवा चांगली. श्रावणातल्या झिमझिम पावसानंतरची सकाळ तर उत्तमच. ओलं सागवान गडद होतं, रंग भरून येतो आणि समोरचा रस्ता आरशासारखा चमकतो. रविवारी सकाळी सात-साडेसातपर्यंत बाजीराव रस्ता मोकळा असतो, नंतर बसगाड्या आणि रिक्षांच्या मधून फोटो चोरावा लागतो. पावसाळ्यात एक काळजी घ्या. घरी आल्यावर ओला कॅमेरा बॅगेत तसाच ठेवू नका. पुण्यातल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा पुरे, तो कोणत्याही भांड्यांच्या दुकानात मिळतो.

आता कलंडणाऱ्या इमारती. कॅमेरा वर उचललात की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. उपाय एकच: कॅमेरा सपाट धरायचा. पण तसा धरला की अर्धा फोटो रस्त्याचा येतो आणि कळस कापला जातो. म्हणून मागे सरका. मागे जागा नसेल तर वर चढा. समोरच्या इमारतीच्या जिन्यातून, पहिल्या मजल्यावरच्या एखाद्या क्लासच्या किंवा दवाखान्याच्या गॅलरीतून काढलेला फोटो जमिनीवरून काढलेल्या दहा फोटोंपेक्षा सरळ येतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या कापडवाल्यांना दुकान उघडताना नीट विचारलं तर बरेच जण वर जाऊ देतात, मात्र सणासुदीच्या दिवसांत विचारू नका. मागे सरकणंही नाही आणि वर चढणंही नाही, तर आडवी फ्रेम सोडून कॅमेरा उभा धरा, सपाट ठेवा आणि खालचा रस्ता नंतर कापून टाका. संगणकावर रेषा सरळ करता येतात, पण त्यासाठी फोटो काढतानाच चारी बाजूंना मोकळी जागा सोडावी लागते, नाहीतर सरळ करताना कोपरे कापले जातात. आणि अगदी शंभर टक्के सरळ करू नका. उंच मनोरा पूर्ण सरळ केला की डोक्याकडे जड दिसतो. अगदी थोडा झुकाव राहिला तर डोळ्याला तो खरा वाटतो. फोनवर ०.५ चं वाइड विसरा, कडेच्या खिडक्या ओढल्यासारख्या होतात. शक्य तिथे मागे जाऊन २ किंवा ३ पट वापरा.

या सगळ्याचा सराव करायला पुण्यात मंडईसारखी जागा नाही. महात्मा फुले मंडई १८८६ मध्ये गव्हर्नर रे यांच्या नावानं सुरू झाली. मधे अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून फुटणाऱ्या पाखा. नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीरावांनी या बांधकामावरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं मंडईला जोतीरावांचंच नाव मिळालं. इमारत अष्टकोनी असल्यामुळे दिवसाच्या कुठल्याही वेळी तिची एखादी बाजू उन्हात आणि तिला लागून असलेली बाजू सावलीत असते. उन्हातली आणि सावलीतली अशा दोन बाजू एका फ्रेममध्ये घेतल्या की मनोऱ्याला गोलाई येते. एकाच उजळ बाजूसमोर उभे राहिलात तर तो पुठ्ठ्याचा वाटतो. बाहेरून एक पूर्ण फेरी मारा, फोटो न काढता. मग ठरवा.

आत गेलात की वेगळंच जग. उंच छताखालून येणारा मऊ उजेड आणि गाळ्यागाळ्यावर लटकणारे दिवे. बरेच फोटोग्राफर टोमॅटोच्या ढिगांवर तुटून पडतात आणि डोक्यावरचं छत विसरतात. छताचा सांगाडा, दगडी कमानी आणि खाली ओट्यावर उंच बसलेली भाजीवाली, हे तिन्ही एका उभ्या फ्रेममध्ये मावतं. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, १६०० पर्यंत बिनधास्त न्या. मावशींना आधी विचारा, धंद्याच्या वेळी वाट अडवू नका, आणि निघताना पावशेर काहीतरी घ्या. पुढच्या वेळी त्याच तुम्हाला चांगली जागा दाखवतील.

मंडईजवळच लोकमान्यांचा पुतळा आहे, १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते अनावरण झालेला. पुतळ्यांचा विषय इथून सुरू करू. तुमचे पुतळे काळे पडतात कारण पुतळा काळा आणि मागे उजळ आकाश. कॅमेरा आकाश पाहून फोटो अंधारा करतो. अशा वेळी एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). आकाश पांढरं झालं तर होऊ द्या, चेहरा दिसणं महत्त्वाचं. पण जवळ जाऊन चेहऱ्यानं फ्रेम भरलीत की नेमकं उलट होतं. आता कॅमेऱ्याला सगळं काळंच दिसतं, तो फोटो फिकट करतो आणि ब्राँझ राखेच्या रंगाचं होतं. तिथे एक स्टॉप कमी करा. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवलीत तर निम्मे फोटो सुधारतील. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढलेत तर नंतर दुरुस्तीला वाव राहतो.

दुसरं, अंतर. पुतळा चौथऱ्यावर असतो आणि आपण पायथ्याशी जाऊन मान वर करतो. मग बूट मोठे, डोकं लिंबाएवढं, आणि हनुवटीच्या खालून दिसणारा चेहरा. चौथरा धरून पुतळ्याची जेवढी उंची असेल त्याच्या किमान दुप्पट लांब जा. सगळं मिळून पंचवीस फूट असेल तर पन्नास-साठ फुटांवरून, ५० च्या लेन्सनं किंवा फोनच्या ३ पटीनं काढा. शिल्पकारानंही पुतळा दुरूनच दिसणार हे धरून डोकं आणि खांदे घडवलेले असतात. त्या अंतरावरून त्याचा हिशोब जुळतो.

तिसरं, नजर. पुतळा कुठे पाहतोय ते आधी पाहा. नजरेच्या दिशेला फ्रेममध्ये जागा सोडा. मग त्याच्याभोवती हळूहळू फिरा आणि मागचं काय काय सरकतं ते बघा. पुण्यातले चौक म्हणजे फ्लेक्स, सिग्नलचे खांब, केबलच्या जुड्या, महापालिकेचे दिवे. दोन पावलं डावीकडे गेलात की खांब पुतळ्याच्या मागे लपतो, गुडघ्यावर बसलात की फ्लेक्स चौथऱ्याआड जातो. डेक्कनच्या कोपऱ्यावर किंवा जंगली महाराज रस्त्यावर हे केल्याशिवाय स्वच्छ फोटो मिळत नाही. आणि रस्ता ओलांडून पुतळ्याच्या बेटावर चढू नका. वाहनं थांबत नाहीत, आणि तिथून कोनही वाईटच मिळतो.

शिल्प म्हणून एकच पुतळा नीट अभ्यासायचा असेल तर शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा घ्या. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकारानं हे स्मारक ठरलं, १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९२८ मध्ये अनावरण. शिल्पकार नानासाहेब करमरकर, अलिबागजवळच्या सासवन्याचे, तिथे त्यांच्या घरात त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. सुमारे साडेतेरा फूट उंचीचं ब्राँझ, एकसंध ओतलेलं. महाराष्ट्रात नंतर शेकडो अश्वारूढ पुतळे झाले, पण या घोड्याच्या अंगात जो जोर आहे तो फार थोड्यांत आहे. शाळेचं आवार असल्यामुळे आधी कार्यालयात विचारा. परवानगी मिळाली की घाई करू नका. आधी पूर्ण बाजूनं पाहा: घोड्याची मान, स्वाराची पाठ आणि शेपटी मिळून एक सलग रेघ तयार होते. हा फोटो आकाशावर सावलीचित्र म्हणूनही चालतो, इथे काळा पडला तरी हरकत नाही. मग पुढून तिरकं, साधारण पाऊण कोनातून. इथे घोड्याच्या छातीचे स्नायू आणि महाराजांचा चेहरा एकत्र दिसले पाहिजेत, आणि घोड्याचं डोकं स्वाराच्या छातीवर आडवं येता कामा नये. पाऊलभर इकडेतिकडे झालं की सगळं बिघडतं, म्हणून प्रत्येक पावलाला एक फोटो घ्या आणि घरी जाऊन शेजारीशेजारी लावून पाहा. शेवटी तपशील: लगाम धरलेला हात, रिकीब, नाकपुडी. करमरकरांची बोटं मातीत कशी फिरली असतील ते तुम्हाला या तपशिलांतच दिसेल. सकाळच्या तिरक्या उन्हात ब्राँझवर जी लांबट चकाकी येते ती जपा. ती जळून पांढरी झाली की धातूचा प्लास्टिक होतो.

घोड्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. एक पाय उचललेला असेल तर स्वार जखमी होऊन वारला, दोन्ही पाय वर असतील तर रणात पडला, असे संदेश फिरत असतात. फोटोखाली हे लिहू नका. असा कोणताही नियम शिल्पकार पाळत नाहीत. शिवाजी महाराज रायगडावर आजारपणात गेले, थोरले बाजीराव रावेरखेडीला तापानं गेले, आणि दोघांचेही उधळलेल्या घोड्यावरचे पुतळे आहेत. पाय किती उचलायचे हे ठरवताना शिल्पकारापुढे तोल आणि रचनेचा प्रश्न असतो. सगळा भार मागच्या दोन पायांवर आणि शेपटीवर पेलायचा तर आतला सांगाडा तसा करावा लागतो. त्यापेक्षा चौथऱ्यावरच्या पाटीचा फोटो प्रत्येक वेळी घ्या. अनावरण कुणाच्या हस्ते झालं ते मोठ्या अक्षरांत असतं, शिल्पकाराचं नाव असलंच तर खाली कोपऱ्यात. ते शोधा आणि तुमच्या फोटोखाली आधी ते लिहा. ज्यानं आयुष्य घालून हे घडवलं त्याचं नाव या शहरात फार कमी वेळा घेतलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जयंतीच्या दिवशी पुतळा हारांखाली झाकला जातो. शिल्पाचा फोटो हवा असेल तर ते दिवस टाळा. शहराचं त्या पुतळ्याशी असलेलं नातं हवं असेल तर नेमकं तेव्हाच जा. भाद्रपदात मात्र मध्यवस्तीतल्या दर्शनी भिंती मांडवांच्या आड जातात, तेव्हा इमारतींचं काम बंद ठेवलेलं बरं.

एकट्यानं फिरताना लोक हटकतात, त्यात राग मानण्यासारखं काही नाही. कसबा, सोमवार, रास्ता पेठेत जुना वाडा म्हटला की मालक, भाडेकरू आणि बिल्डर यांच्यातला काही ना काही वाद असतोच. कॅमेरा दिसला की राहणाऱ्यांना पहिली शंका येते की हा बिल्डरचा किंवा महापालिकेचा माणूस. म्हणून दिंडी दरवाज्यातून आत डोकावण्याआधी हाक मारा: “काका, जुन्या वाड्यांचे फोटो काढतोय, चौकात दोन मिनिटं येऊ का?” नाही म्हणाले तर नमस्कार करून पुढे चला. हो म्हणाले तर काढलेला फोटो लगेच दाखवा आणि नंतर पाठवून द्या. कडीपाटाचं छत, चौकातलं तुळशीवृंदावन, भिंतीतले कोनाडे हे टिपा, पण वाळत घातलेले कपडे आणि आतल्या खोल्या सोडा. जिन्यावर त्यांच्या परवानगीशिवाय आणि पायरी चाचपल्याशिवाय चढू नका, जुनी लाकडं आतून पोखरलेली असतात. आणि अशा वाड्याचा एक साधा, समोरून सरळ, कागदपत्रासारखा फोटोही नेहमी काढून ठेवा, तारीख आणि गल्लीच्या नावासकट. तुम्हाला तो कंटाळवाणा वाटेल. पण पेठांमधले वाडे झपाट्यानं पडताहेत, आणि पाडल्यानंतर खिडक्या किती होत्या, दरवाजा कसा होता हे सांगणारा तोच फोटो उरतो.

एका सकाळी एकच टापू धरा. शनिवारवाड्यावरून लाल महाल, कसबा गणपती, तिथून तांबट आळी आणि मग सोमवार पेठ, एवढं पुरे. तांबट आळीत ठोक्यांच्या आवाजामागे जा, तिथल्या घरांच्या दर्शनी भागांतही पाहण्यासारखं बरंच आहे. तुळशीबागेत राममंदिराच्या शिखरावरच्या कोनाड्यांतल्या चुन्यातल्या मूर्ती आवारातूनच ३ पटीनं टिपता येतात. खरेदीची गर्दी व्हायच्या आत जा. लाल विटांसाठी कॅम्प: १८६७ चं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे आपलं लाल देऊळ, उंच मनोऱ्याचं. दुपारच्या उतरत्या उन्हात त्याची वीट तापल्यासारखी दिसते. तिथे पोलीस पहारा असतो, आधी पहाऱ्यावर सांगा, सांगितल्याशिवाय कॅमेरा काढू नका. बंडगार्डनचा जुना फिट्झजेराल्ड पूल आता वाहनांना बंद आहे, त्यामुळे त्याच्या टोकांवरचे दगडी सिंह निवांत टिपता येतात. आधुनिक बांधकामाची आवड असेल तर विद्यापीठाच्या आवारातली, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी रचलेली आयुका ही खगोलशास्त्र संस्था. तिथल्या कुंडाच्या पायऱ्या आणि आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे अप्रतिम आहेत, पण आधी परवानगी काढून जावं लागतं.

शेवटचा प्रश्न, छापण्या-विकण्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ इमारतीचा फोटो काढायला आणि प्रसिद्ध करायला मोकळीक देतं. सार्वजनिक जागी किंवा लोकांना प्रवेश असलेल्या आवारात कायमस्वरूपी बसवलेल्या शिल्पालाही तीच मोकळीक आहे. भिंतीवर रंगवलेल्या चित्रांना मात्र ती लागू नाही. कसब्यातल्या गल्ल्यांमध्ये भिंतींवर मोठी चित्रं आहेत, त्यांचा फोटो कॅलेंडरवर छापायचा असेल तर चित्रकाराची परवानगी घ्या. कायद्यानं कॉपीराइटचा प्रश्न सुटतो, आवारात शिरायचा हक्क मिळत नाही, तो आवाराच्या मालकाचाच. पाताळेश्वर, आगाखान पॅलेस, शनिवारवाडा ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत, तिथे हातात धरून फोटो काढा, तिवई लावायची तर खात्याची लेखी परवानगी लागते. लष्करी हद्दीत पाट्या वाचा आणि कॅमेरा बॅगेत ठेवा. ड्रोनचा विचार पुण्याच्या मध्यवस्तीत करूच नका, लोहगावचा हवाई तळ आणि लष्करी आस्थापना जवळ असल्यामुळे परवानगीशिवाय उडवणं गुन्हा ठरू शकतं. आणि फोटोत एखाद्या माणसाचा चेहरा ठळक असेल, तर तो जाहिरातीसाठी विकण्याआधी त्याची लेखी संमती घ्या, मग ती मंडईतली मावशी असो की वाड्यातले काका.